एका क्रियापदाची साक्ष

दिवाळी अंकासाठी संपादकांचे बोलावणे आले, की पत्राच्या शेवटी एक ओळ ठरलेली असते : ‘विषय शक्यतो हलकाफुलका असावा.’ वर्षभर या सदरातून मी आपल्याला म्हणींच्या, व्याकरणाच्या आणि उत्तरपत्रिकांतल्या गमती सांगत आलो आहे. तेव्हा ही अपेक्षा रास्तच म्हणायची. यंदाही सांगणार आहे ती एका क्रियापदाचीच गोष्ट. पण हे क्रियापद एका पोराच्या नडगीतून निघाले, पोस्टाने घरी आले, पत्र्याच्या डब्यात दोन वर्षे पडून राहिले आणि शेवटी मुंबईला न्यायाधिकरणापुढे जाऊन उभे राहिले. त्यामुळे ती हलकीफुलकी होईलच, असे वचन मी देत नाही.

आमचे कर्जत आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते ते गाडीच्या खिडकीतून. पुण्याला जाताना गाडी थांबते, घाट चढण्यासाठी मागून जादा इंजिने लागतात, तेवढ्यात आपण बटाटेवडा घेता. वडा संपतो तेव्हा पळसदरी येते आणि कर्जत विसरले जाते. पण कधी पहाटे पाचला इथे उतरलात तर निराळेच कर्जत दिसेल. चौकच्या रस्त्याला, खोपोलीच्या रस्त्याला, नदीकाठच्या बांधावरून पोरे धावत असतात. अंगात बनियन, पायात कुणाचे तरी जुने बूट आणि एकाच्या हातात घड्याळ. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत. हा आकडा आमच्याकडच्या पोरांना पाढ्यांपेक्षा पक्का पाठ असतो, कारण सैन्यभरतीच्या मैदानावर तेवढ्यात धावले तर पूर्ण गुण मिळतात.

या मुलुखाला लढाईचे वेड नवे नाही. खालापूर तालुक्यातल्या उंबरखिंडीत १६६१ साली शिवाजीमहाराजांनी कारतलबखानाची फौज कोंडली. माथेरानच्या भाई कोतवालांनी १९४२ साली आझाद दस्ता उभारून विजेचे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील पडले. आमच्या कॉलेजातल्या वक्तृत्वस्पर्धेत दरसाल हे दोन विषय असतातच. भाषणे ऐकून ऐकून मला पाठ झाली आहेत. परंतु भरतीला गेलेले पोरगे परत आले तर काय, या विषयावर आजवर कुणी स्पर्धा ठेवली नाही.

ज्याची ही गोष्ट आहे, तो खालापूर तालुक्यातल्या एका वाडीतला. नाव सांगत नाही. त्याने सांगू नका म्हटले नाही, पण मीच सांगत नाही. बारावीला माझ्या वर्गात होता. मागच्या बाकावर बसणारा, निबंधात ‘सूर्य अस्ताला जात होता’ एवढे वाक्य प्रत्येक वेळी घालणारा. बाप दोन एकर भातशेतीचा धनी, घरात एक बैलजोडी, म्हातारी आजी. २०१५ च्या मार्चमध्ये भरती झाला तेव्हा वाडीने त्याला फेटा बांधून स्टेशनावर आणले होते. मीही गेलो होतो. आमच्या कॉलेजचा शिपाईसुद्धा आला होता, त्याच्या हातात पेढ्यांचा पुडा होता.

२०१६ च्या जानेवारीत तो परत आला. कोणी आणायला गेले नव्हते, कारण त्याने कळवलेच नव्हते. रात्रीच्या शेवटच्या गाडीने उतरला आणि तीन कोस चालत घरी गेला. चालताना किंचित लंगडत होता, पण अंधारात ते कुणाला दिसले नाही.

त्याच वर्षीच्या दिवाळीत तो माझ्याकडे आला. पाडव्याचा दिवस, सौभाग्यवतींनी फराळाचे ताट पुढे ठेवले. त्याने चकलीचा एक तुकडा मोडला आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला.

“सर, एवढं एक वाक्य मराठीत सांगता का? शब्द कळतात. वाक्य कळत नाही.”

कागद लष्कराचा होता. सेवेतून कमी केल्याचे कारण लिहिले होते. त्याचे मराठी करायला मला वेळ लागला नाही; ते मोठ्याने म्हणायला लागला. ‘कार्यक्षम सैनिक होण्याचा संभव नाही.’

आपल्या सैन्यात हे शब्द शिवी म्हणून लिहीत नाहीत, हे आधी सांगितले पाहिजे. भरती झालेला जवान शिक्षण पुरे करून कसम परेडमध्ये शपथ घेईपर्यंत कच्चा रंगरूट असतो. धावणे, दोर चढणे, पाठीवर ओझे नि हातात बंदूक घेऊन पाच किलोमीटर पळणे या कसोट्या त्याला उतराव्या लागतात. एकदा नापास झाला तर त्याला मागच्या तुकडीत ढकलतात. पुन्हापुन्हा नापास झाला तर घरी पाठवतात. १९५० चा सैन्य कायदा आणि १९५४ चे सैन्य नियम यांत त्याची सोय आहे, आणि शपथ न झालेल्या रंगरुटाला कमी करण्याचा रकाना तेराव्या नियमाच्या तक्त्यात निराळाच आहे. फौजेला न धावणारा शिपाई सांभाळणे परवडत नाही, ही गोष्ट मलाही पटते. मी स्वतः जिना चढताना दोनदा थांबतो.

प्रश्न एवढाच होता, की तो धावत का नव्हता?

त्याने जे सांगितले ते असे. जूनपर्यंत सगळे ठीक होते. नंतर उजवी नडगी दुखू लागली. उस्ताद म्हणाले, सवय होईल. (कवायत शिकवणाऱ्याला तिथे उस्ताद म्हणतात, हा शब्द मला फार आवडला.) दुखणे वाढले तेव्हा तो आजारी म्हणून दवाखान्याच्या खोलीत गेला. क्ष-किरणांचा फोटो काढला, त्यात काही दिसले नाही. सात दिवस कवायत माफ झाली. आठव्या दिवशी पुन्हा धावला. आणि एकदा फोटो स्वच्छ निघाल्यावर पुढे पाय दुखतो म्हणणाऱ्याकडे सगळे कोणत्या नजरेने पाहतात, हे सांगायला नको. आमच्याकडे परीक्षेच्या दिवशी पोट दुखणाऱ्या मुलाकडे मी तसेच पाहतो.

आता इथे थोडे वैद्यकशास्त्र. माझे नाही, आमच्या डॉक्टरांनी समजावून दिले ते सांगतो. हाडावर एकाच जागी रोज रोज ताण आला तर त्याला केसासारखी बारीक चीर जाते. पडावे लागत नाही, आपटावे लागत नाही, केवळ चालून चालून हाड चिरते. ही व्याधी प्रथम नोंदली तीच मुळी सैनिकांच्या पायात. १८५५ साली प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या शल्यवैद्याने लांब कूच केलेल्या शिपायांचे सुजलेले पाय पाहून तिचे वर्णन केले; तेव्हा क्ष-किरणांचा शोधही लागला नव्हता, तो १८९५ चा. म्हणून तिला अजून ‘मार्च फ्रॅक्चर’ म्हणतात. मार्च महिन्याशी तिचा संबंध नाही. आणि तिची लबाडी अशी, की पहिले दोन-तीन आठवडे साध्या क्ष-किरण फोटोत ती बहुधा दिसतच नाही. हाड भरून यायला लागते तेव्हा कुठे फोटोत खूण उमटते. तोवर रुग्ण खोटारडा ठरलेला असतो. उपाय मात्र अगदी स्वस्त आहे, तो म्हणजे विश्रांती.

“म्हणजे तुला परत भरती व्हायचं आहे का?” मी विचारले.

“नाही सर. पाय आता तेवढा राहिला नाही. पण मी धावलो नाही असं नाही. मी धावलो म्हणून झालं.”

तो गेल्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, नोकरी परत मिळायची नाही, मग एवढ्यासाठी भांडायचं कशाला?” त्यांचा प्रश्न व्यवहाराचा होता. मीही रात्रभर तोच विचार करीत होतो. उत्तर मला दुसऱ्या दिवशी खोपोलीला मिळाले.

खोपोलीत माझ्या ओळखीचे एक निवृत्त सुभेदार आहेत. अठ्ठावीस वर्षे नोकरी, आता घराच्या मागे अळूचा मळा. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

“मास्तर, पोराला घरी पाठवला ते बरोबर केलं. चिरलेल्या पायाचा जवान काय कामाचा? पण घरी पाठवायला फौजेत दोन दारं आहेत. एक आजाराचं, एक नालायकीचं. ह्याला दुसऱ्या दारानं काढलाय.”

मग त्यांनी जे सांगितले ते मी घरी येऊन नियमांच्या पुस्तकात ताडून पाहिले. आजाराच्या दारातून जाणाऱ्याची वैद्यकीय मंडळापुढे तपासणी होते. आजार सेवेमुळे झाला की नाही, किती टक्के अपंगत्व आहे, हे मंडळ लिहून देते. त्यावर पुढे निवृत्तिवेतन ठरते. दुसऱ्या दारातून जाणाऱ्याला यातले काही नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सरकारी नोकऱ्यांत माजी सैनिकांसाठी ज्या राखीव जागा असतात, त्यांच्या नियमांत माजी सैनिक कोण याची व्याख्या आहे. सेवेमुळे जडलेल्या आजाराने बाहेर पडून त्याबद्दल निवृत्तिवेतन मिळालेला तिच्यात बसतो. गैरवर्तन किंवा अकार्यक्षमता या कारणाने काढलेला बसत नाही. एका शब्दाने माणूस दाराच्या आत किंवा बाहेर. अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्याला चहा देऊन, खुर्चीवर बसवून, अतिशय सौजन्याने हेच सांगण्यात आले होते.

आणि वाडीत? वाडीत कुणी नियम वाचलेले नव्हते. तिथे एकच शब्द होता : पळून आला.

ही दोन दारांची भानगड आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत सैन्यातून सुटणाऱ्याच्या कागदावर ‘सन्मानपूर्वक’ आणि त्याखालच्या अशा पायऱ्या असतात. तिथे १९४७ पर्यंत निळ्या कागदावरची एक सुटका होती. ती सन्मानाची नाही आणि अपमानाचीही नाही, पण निळा कागद पाहिला की नोकरी देणारा तोंड फिरवी. काळ्या सैनिकांच्या वाट्याला तो कागद इतका आला, की ‘पिट्सबर्ग कुरिअर’ या त्यांच्या वृत्तपत्राने १९४५ साली त्याविरुद्ध मोहीमच उघडली. त्या देशाने १९४४ च्या कायद्याने असे शेरे तपासून बदलणारी मंडळे नेमली. सैनिकाच्या शेऱ्यावर अपील असते, ही कल्पना त्यांच्याकडे तेव्हापासून कायद्यात आहे.

पण त्या पोराला ही कल्पना अमेरिकेवरून सुचली नव्हती. मी त्याला विचारले, की तू वकिलाकडे न जाता माझ्याकडे का आलास? तर म्हणाला, “सर, तुम्ही वलंगकर शिकवला होता ना.”

अभ्यासक्रमात नसलेले बरेच काही मी शिकवतो, अशी माझ्याविषयी तक्रार आहे. ती खरी आहे. गोपाळबाबा वलंगकर आमच्याच जिल्ह्यातले, महाडजवळच्या रावढळचे. सैन्यात हवालदार होऊन १८८६ साली निवृत्त झाले. पुढे इंग्रज सरकारच्या डोक्यात लढवय्या जातींचे खूळ शिरले आणि १८९० नंतरच्या काही वर्षांत महारांची भरती बंद पडली. ज्यांच्या बापजाद्यांनी मुंबईच्या फौजेत पिढ्यान्‌पिढ्या बंदूक वाहिली, ती सगळी जातच एका फटक्यात ‘लढाऊ नाही’ ठरली. वलंगकरांनी १८९४ साली लष्कराच्या वरिष्ठांना उद्देशून अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, गरज पडली तेव्हा महारांची पलटण उभारली आणि युद्ध संपल्यावर मोडली. १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा वलंगकरांना जाऊन चार दशके झाली होती. हे सारे मी वर्गात सांगितले ते अर्जाची मराठी आणि भाषणाची मराठी यांतला फरक दाखवण्यासाठी. मुलांनी त्यातून काय घेतले, हे मास्तराला दहा वर्षांनी कळते. कित्येकदा कळतही नाही.

तर आम्ही अर्जाला लागलो.

मी त्याला म्हटले, आधी तू मराठीत लिहून आण. चार दिवसांनी त्याने नऊ पाने आणली. पहिल्या पानावर ‘घोर अन्याय’ तीनदा होता, दुसऱ्यावर ‘माझ्या स्वप्नांची राखरांगोळी’. मी लाल पेन घेतले. वीस वर्षांत मुलांच्या निबंधांत जी विशेषणे मी आपण होऊन वाढवायला लावली होती, ती सगळी त्या दिवशी एकट्याच्या खोडून काढली. राहिली दीड पाने. कोणत्या तारखेला पाय दुखला, कोणत्या तारखेला दवाखान्यात गेला, किती दिवस माफी मिळाली, कोणत्या कसोटीत कधी नापास झाला. तारखा विचारल्या तर तो म्हणे, “लावणीच्या सुमारास.” तिकडे उत्तरेत राहूनही याचे पंचांग वाडीचेच होते.

तारखांचा पुरावा हवा होता, आणि तो त्याच्या आईने काढला. शिधापत्रिका, सातबारा आणि लग्नातले फोटो ठेवण्याचा पत्र्याचा डबा असतो ना, त्यातून. शिकाऊ जवानांना तिथे मोबाइल जवळ बाळगायला मिळत नसे, म्हणून त्याने घरी पत्रे लिहिली होती. २०१५ च्या जुलैमधले एक पत्र होते, पोस्टाच्या शिक्क्यासह. मी ते पाहिले आणि मला फार बरे वाटले. वाक्ये लहान होती, सूर्य अस्ताला जात नव्हता. ‘आई, इकडे ठीक. उजवी नडगी ठणकते. रात्री जास्त. सात दिवस माफी आहे. ढवळ्याच्या खुराला औषध लावा.’

सुभेदारसाहेब म्हणाले, हे पत्र म्हणजे सोने आहे. पुढे काय झाले ते मात्र मला सांगायला लाज वाटते, कारण त्या आठवड्यात मी उत्तरपत्रिकांत बुडालो होतो आणि भाषांतराचे काम मी दुसऱ्याकडे जाऊ दिले. कोर्टाच्या आवारात टंकलेखन आणि भाषांतर करून देणारे गृहस्थ असतात, त्यांपैकी एकाने पानाला ठराविक दराने ते करून दिले. २०१७ साली वरिष्ठांकडे तक्रारअर्ज गेला, २०१८ साली तो नामंजूर होऊन आला. नकाराच्या पत्रात लिहिले होते, की अर्जदाराने स्वतःच घरच्या पत्रात पाय थकल्याचे म्हटले आहे, आजाराचा उल्लेख नाही.

पाय थकल्याचे? मी भाषांतराची प्रत मागवली. ‘उजवी नडगी ठणकते’ याचे त्या गृहस्थाने इंग्रजीत केले होते ते मराठीत असे होते : ‘माझा पाय दमतो.’

वाचकहो, या सदरात मी आजवर भाषांतराच्या चुकांवर पुष्कळ विनोद केले आहेत. या चुकीवर मला विनोद सुचला नाही. मराठी माणसाला वेदनेचे शब्द काही थोडे दिलेले नाहीत. डोके ठणकते, गळू ठसठसते, पोटात कळ येते, जखम चुरचुरते, सांधे कुरकुरतात, अंग मोडून येते. दमतो तो माणूस. हाड दमत नाही, ते ठणकते. आणि थकलेला पाय रात्री झोपल्यावर बरा होतो. याने तर लिहिले होते ‘रात्री जास्त’. ते दोन शब्द भाषांतरात गळालेच होते. आमच्या डॉक्टरांना मूळ पत्र दाखवले तेव्हा ते म्हणाले, “अहो, रोग्याने यापेक्षा चांगलं काय सांगायचं असतं? जागा सांगितली, जात सांगितली, वेळ सांगितली.”

त्यानंतरची पायरी सशस्त्र सेना न्यायाधिकरणाची. २००७ सालच्या कायद्याने हे न्यायाधिकरण निर्माण झाले आणि २००९ पासून काम करू लागले. त्याआधी शिपायाला उच्च न्यायालयाचा उंबरठा झिजवावा लागे. महाराष्ट्रासाठी मुंबईला खंडपीठ आहे. समोर दोघे बसतात, एक न्यायाधीश राहिलेले आणि एक सेनेतले वरिष्ठ अधिकारी राहिलेले. म्हणजे कायदा जाणणारा एक आणि नडगी जाणणारा एक. ही रचना ज्याने केली त्याला माझा नमस्कार. शेवटच्या नकारानंतर सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. आमचा पाचव्या महिन्यात गेला. मुंबईच्या एका वकीलबाईंनी तो चालवला आणि फी अशी घेतली, की तिला फी म्हणणे बरे नव्हे.

त्यांच्याकडून मला सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल वाचायला मिळाले. एक राजपाल सिंग यांचा, २००८ चा : प्रकृती खालावली म्हणून शिपायाला काढायचे असेल तर नियमात सांगितलेल्या वैद्यकीय मंडळापुढूनच काढा, आडवाटेने नाही. दुसरा धरमवीर सिंग यांचा, २०१३ चा. हे सिग्नल दलातले शिपाई, १९८५ साली भरती झालेले. नऊ वर्षांनी फेफऱ्याच्या विकारामुळे त्यांना काढले आणि विकाराचा सेवेशी संबंध नाही असे मंडळाने लिहिले. न्यायालय म्हणाले, भरतीच्या वेळी तुमच्याच डॉक्टरांनी याला धडधाकट म्हणून घेतले होते ना? तेव्हा कागदावर कोणता रोग लिहिला नव्हता, तर पुढे बिघडले ते सेवेमुळे असेच धरून चालायचे; तसे नसेल तर कारणे देऊन तुम्ही सिद्ध करा, सैनिकाने नव्हे. हा आधार मूळ १९८२ च्या नियमांतला आहे. नियम पुढे २००८ साली आणि २०२३ साली नव्याने आले, आणि प्रत्येक वेळी वकिलांना नवे काम मिळाले. पण तो वाद मी इथे आणत नाही, मला तो पुरता पेलत नाही.

माझे काम एकच होते. पत्राचे नवे भाषांतर आणि त्याखाली प्रतिज्ञापत्र. मी मोल्सवर्थचा कोश उघडला. १८३१ साली प्रथम छापलेला, दुसरी आवृत्ती १८५७ ची, एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने आमच्या भाषेचा केलेला. ‘ठणकणे’ त्यात आहे, आणि त्याचा अर्थ दमणे नाही. मी पानाची नक्कल जोडली. आयुष्यात पहिल्यांदा शब्दार्थाखाली शपथेवर सही केली.

मधे २०२० आले आणि सगळ्यांचेच सगळे थांबले. तो तेव्हा खोपोलीच्या एका कारखान्यात फाटकावर रखवालदार होता. कारखाना बंद, पगार निम्मा. मला वाटले, आता हा कंटाळेल. तो कंटाळला नाही. त्याने पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या पोरांना शिकवायला सुरुवात केली. स्वतः सायकलवर, हातात घड्याळ. त्याचा एक नियम होता, आणि अजून आहे. नडगी दुखते म्हणणाऱ्या पोराला तो त्याच दिवशी तीन आठवडे घरी बसवतो. पोरे रडतात, भरती जवळ आली म्हणतात. तो ऐकत नाही.

२०२२ साली सुनावणी झाली. मी कर्जतहून सकाळची लोकल पकडून गेलो, सोबत सुभेदारसाहेब, त्यांच्या अंगावर पदके लावलेला कोट. आपल्याला वाटेल तसे काही घडले नाही. मला कुणी काही विचारले नाही. आमचे प्रकरण सारे मिळून अकरा मिनिटे चालले. मी घड्याळ लावले होते. न्यायाधिकरणाने आधीच दवाखान्याचे मूळ कागद मागवून घेतले होते, आणि त्यांत ती गोष्ट होती जी त्या पोरालाही कधी कळवली गेली नव्हती. सप्टेंबरमध्ये त्याचा दुसरा फोटो काढला होता. त्यात नडगीवर भरून येऊ लागलेल्या चिरेची खूण होती, आणि तशी नोंदही होती. नोंद दवाखान्यात राहिली आणि शेरा पलटणीत लिहिला गेला. दोघांची गाठच पडली नाही. सेनेतल्या सदस्यांनी माझे भाषांतर वर धरून पाहिले. सरकारी वकिलांना त्यांनी एवढेच विचारले, की जुलैत याची नडगी ठणकत होती, सप्टेंबरात चीर सापडली, मग नोव्हेंबरात याला धावायला कुणी लावले? सरकारी वकिलांनी मुदत मागितली.

निकालात न्यायाधिकरणाने कुणाला दोष दिला नाही. वैद्यकीय मंडळ नेमून तपासणी करा आणि त्याप्रमाणे कारण दुरुस्त करा, एवढाच आदेश. २०२३ मध्ये मंडळाने तपासले. २०२४ च्या भाद्रपदात दुरुस्त केलेला कागद आला. कारणाच्या रकान्यात आता वैद्यकीय कारण आहे, आणि आजार सेवेमुळे झाला असे म्हटले आहे. टक्केवारीचा आणि निवृत्तिवेतनाचा भाग अजून चालू आहे. सुखविंदर सिंग यांच्या २०१४ च्या निकालाचा आधार घेऊन वकीलबाईंनी पुढचा अर्ज केला आहे. राखीव जागांचे वय त्याच्या हातून निघून चालले आहे, तेही खरे.

कागद आला त्या दिवशी त्याने मला वाडीवर बोलावले. सुभेदारसाहेब आले होते. ओटीवर घोंगडी अंथरली होती. आई दारात, आजी खांबाला टेकून, बाप पायरीवर. कागद इंग्रजीत. मी एकेक ओळ वाचून मराठीत सांगितली, आणि या वेळी घाई केली नाही.

बाप ऐकत होता. वाचून झाल्यावर म्हणाला, “मास्तर, ह्यात पळून आला असं कुठं न्हाय ना?”

“आधीच्यातही नव्हतं, भाऊ.”

“ते आमाला कुनी वाचून दावलं न्हवतं.”

त्यांनी कागद मागून घेतला, शर्टाच्या आतल्या खिशात घातला आणि वहाणा चढवल्या. आईने आतून विचारले, चहा होतोय, एवढ्यात कुठे निघालात? ते म्हणाले, नाक्यावर. पोरगा उठून म्हणाला, बाबा, प्रत काढून देतो, अस्सल नेऊ नका, पाऊस आहे. तोवर ते बांधावर पोचले होते.